खांदे टेकले का?

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानात तुम्ही गर्दीत अंग चोरून बसला आहात. ६७व्या महाराष्ट्र केसरीचा आज शेवटचा दिवस. हलगी कडाडते आहे, निवेदकाचा घसा बसत आला आहे. तुमच्या एका हाताला पटका बांधलेले म्हातारे वस्ताद, दुसऱ्या हाताला तालमीतली पोरं. त्यांचे मोडलेले कान पाहूनच ती पैलवान आहेत हे कळतं.

गादी विभागाची अंतिम कुस्ती लागते. नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे, दोन वेळचा महाराष्ट्र केसरी. समोर पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ. तुम्ही पुढच्याच्या खांद्यावरून मान उंचावता. पृथ्वीराज डाव टाकतो, शिवराज खाली जातो आणि पंच त्याला चितपट देतात. अर्धं मैदान उसळून उभं राहतं. उरलेलं अर्धं जागीच ओरडू लागतं.

“दोन्ही खांदे टेकले नव्हते, पाव्हणं!” वस्ताद तुमचा दंड धरून सांगतात. मागचा पोरगा तितक्याच खात्रीने म्हणतो, “टेकले होते, मी बघितलं!” तुम्ही काय पाहिलं? खरं सांगायचं तर पाठमोरे दोन देह आणि एक झटका. तुमच्या जागेवरून शिवराजचा एकच खांदा दिसत होता.

नियम सांगायला सोपा आहे. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकलेले हवेत, आणि पकड पूर्ण बसली आहे हे पंचाला दिसेल इतका वेळ ते तसेच राहायला हवेत. मधला पंच एकटा चितपट देत नाही. बाजूचा पंच किंवा मॅट प्रमुख यांचा दुजोरा लागतो. पण हे सगळं क्षणात घडतं, आणि वाद त्या क्षणाचाच आहे.

शिवराज रिव्ह्यू मागतो, तो मिळत नाही. मग जे घडतं ते पाहून तुमच्या पोटात गोळा येतो. तो पंचांची कॉलर धरतो आणि त्यांना लाथ मारतो. पोलीस धावतात. वस्ताद तुमचा दंड सोडतात. ज्याची बाजू ते मघापासून मांडत होते, त्याच्यासाठी आता त्यांच्याकडे शब्द नाहीत.

रात्री किताबाची लढत होते. पृथ्वीराजसमोर माती विभागातून आलेला सोलापूरचा महेंद्र गायकवाड. गुणफलक २-१, पृथ्वीराज पुढे. १६ सेकंद उरली आहेत. प्रतिस्पर्धी रिंगणाबाहेर गेला, मला गुण द्या, असं महेंद्र म्हणतो. गुण मिळत नाही आणि तो मैदान सोडून निघून जातो. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी होतो. शिवराज आणि महेंद्र तीन वर्षांसाठी निलंबित होतात.

आता दोन वर्षं मागे चला. जानेवारी २०२३, पुण्यातल्या कोथरूडची महाराष्ट्र केसरी. माती विभागात हाच महेंद्र सिकंदर शेखला बाहेरची टांग लावतो आणि पंच चार गुण देतात. चार गुणांसाठी प्रतिस्पर्धी उभ्यावरून थेट पाठीवर, धोक्याच्या स्थितीत यायला हवा. सिकंदर तसा आला होता का, यावर गावागावांत भांडणं होतात. पंचांना धमकीचा फोन जातो. त्या दिवशी निर्णय महेंद्रच्या बाजूने पडला होता. अहिल्यानगरात तोच महेंद्र पंचांवर रुसून गेला. वादग्रस्त निर्णय आज याला तारतो, उद्या त्यालाच बुडवतो. त्यातून कोणत्याच पैलवानाचं कायमचं भलं होत नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुलगावच्या महाराष्ट्र केसरीला या. सिकंदर शिवराजला काही सेकंदांतच चितपट करतो. तिथे मात्र कुणी कुणाचा दंड धरत नाही, कारण सगळ्यांना सगळं दिसलेलं असतं.

आणखी मागे, नगर जिल्ह्यातल्या एखाद्या यात्रेच्या हगाम्यात जाऊन उभे राहा. गावचाच जुना पैलवान पंच आहे. वाद उठला की तो पडलेल्याला वळवतो आणि पाठ पाहतो. माती लागली असेल तर सगळ्या गावाला दिसते. तरीही शंका राहिली, तर कुस्ती पुन्हा लावतात किंवा बरोबरीत सोडवतात. मातीत पाठच पुरावा देते. गादीवर पाठ कोरी राहते, म्हणून गादीवरचा पुरावा कॅमेऱ्यानेच द्यायला हवा. मॅट स्वीकारली, तर तिच्याबरोबर कॅमेराही स्वीकारायला हवा.

हे जमतं, याची खात्री पटवायला २८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री पॅरिसला या. रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना आहे. न्यूझीलंडच्या ॲरन स्मिथने चेंडू रेषेपलीकडे टेकवला आहे. तेवढ्यात व्हिडिओ पंच आधीची एक चूक दाखवून देतात आणि गुण रद्द होतात. दक्षिण आफ्रिका शेवटी १२-११ अशी जिंकते. या खेळात रेफ्रीच्या अंगावर माइक असतो, व्हिडिओ पंचाशी त्याचं बोलणं प्रेक्षकांना ऐकू येतं, दृश्य मोठ्या पडद्यावर पुन्हा दिसतं. एवढं करूनही वाद थांबला नाही. रेफ्री वेन बार्न्स यांना आणि त्यांच्या घरच्यांना धमक्या आल्या, हेही खरं. पण निर्णय कशाच्या आधारे झाला, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं.

वाडिया पार्कात ते ठाऊक झालं नाही, हीच माझी तक्रार आहे. पैलवान वर्षानुवर्षं पहाटे उठून जोर-बैठका मारतो, घर त्याच्या खुराकासाठी पोटाला चिमटा घेतं. त्याला ‘तू हरलास’ सांगताना ‘का हरलास’ हे दाखवणं आयोजकांचं कर्तव्य आहे. आणि निर्णय चुकला असला, तरी पंचांवर उगारलेला पाय कुस्तीवरच पडतो. त्याला माफी नाही.

आपल्याकडे तर कुस्तीच्या संघटनाही दोन आहेत. वाडिया पार्कानंतर दोन महिन्यांच्या आत, ३० मार्च २०२५ ला, याच जिल्ह्यात कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि वेताळ शेळके तिचा मानकरी ठरला. दोघांनी हवं तर वेगवेगळी मैदानं भरवावीत. पण तीन गोष्टी दोघांनीही पाळाव्यात. वादग्रस्त क्षण मोठ्या पडद्यावर दाखवावा, पंचांनी माइकवर कारण सांगावं, आणि पैलवानाने आपलं म्हणणं प्रशिक्षकाच्या तोंडून मांडावं. पुढच्या मैदानाचं निमंत्रण हातात पडेल तेव्हा इनामाची रक्कम विचारण्याआधी, रिव्ह्यूची सोय आहे का, हे विचारा.