जुन्या प्रतींची साक्ष

जुनी पुस्तके जमविणाऱ्या मनुष्याविषयी लोकांची दोन मते असतात. कोणी त्यास रसिक म्हणतात, कोणी विक्षिप्त. घरच्या मंडळींचे मत बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते. आणि कपाटांची झाडलोट व वाळवीचा बंदोबस्त त्यांनाच करावा लागत असल्यामुळे ते अगदीच निराधार असते असेही म्हणवत नाही. यावर संग्राहक जे उत्तर देतो ते नेहमीचेच असते. अमुक प्रत पहिल्या आवृत्तीची, तमुक प्रत आता कोठेही मिळावयाची नाही, इत्यादि. हे समर्थन खोटे नव्हे, पण अपुरे आहे. धाराशिव जिल्ह्यात जुन्या कादंबऱ्यांचा शोध घेत असता मला या छंदाचे एक निराळेच प्रयोजन दिसून आले, आणि ते कळण्यापूर्वी माझ्या हातून एक चूकही घडून गेली. त्या दोहोंविषयी येथे लिहावयाचे आहे.

मराठी कादंबरीच्या जन्माची कथा आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते. 1857 साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ निघाले; 1861 साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली; पुढे दशक संपण्याच्या आत नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ अवतरली; 1871 साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचा ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’तून येऊ लागला; आणि 1890 साली ‘करमणूक’ सुरू होऊन हरिभाऊ आपटे घरोघर पोहोचले. या सर्व छापील धनाचा झाडा लावण्याची साधनेही आहेत. 1867 च्या कायद्याने ब्रिटिश मुलुखातील छापखान्यांस प्रत्येक पुस्तकाची नोंद करविणे भाग पडले, आणि 1943 साली शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्याएवढा उपकार मराठी अभ्यासकांवर फार थोड्या पुस्तकांनी केला असेल. परंतु सूची सांगते ती काय छापले गेले एवढेच. ते कोणत्या गावी गेले, कोणी वाचले, किती हातांतून फिरले, या प्रश्नांना सूचीपाशी उत्तर नाही. ते उत्तर कोठे असेलच तर प्रत्यक्ष प्रतीच्या अंगावर असते.

हा भेद पुण्यामुंबईच्या वाचकास कदाचित सूक्ष्म वाटेल. धाराशिवकरास तसा वाटू नये. ज्या जिल्ह्यास दीर्घकाळ उस्मानाबाद म्हणत आणि 2023 साली ज्याचे जुने नाव सरकारदरबारी पुन्हा रूढ झाले, तो 1948 च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा प्रथम फारसी व पुढे उर्दू. 1918 साली हैदराबादेस विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. मराठी ही घरची, बाजारची, कीर्तनाची भाषा राहिली. अशा मुलुखात मराठी कादंबरी वाचावयाची तर ती बहुतेक सरहद्दीपलीकडून, सोलापूर-बार्शीच्या बाजूनेच, यावयाची. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1897 साली बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1911 साली येडशीवरून लातुरास पोहोचली. त्या गाडीतून गेलेल्या धान्याचा व कापसाचा हिशेब व्यापाऱ्यांच्या वह्यांत लिहिला गेला असेल; पण प्रवाशाच्या वळकटीत गुंडाळून आलेल्या कादंबरीचा हिशेब कोणी लिहिला नाही. ब्रिटिश मुलुखातील नोंदणी तर सरहद्दीवरच थांबत असे. म्हणून या भागातील मराठी वाचनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास हाती राहिलेल्या प्रती हाच मुख्य आधार होय.

आता माझ्या चुकीविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी धाराशिव येथील एका रद्दीवाल्याकडे शालेय पुस्तकांच्या ढिगाखाली मला ‘पण लक्षात कोण घेतो’ची एक प्रत मिळाली. मुखपृष्ठ गेलेले, शीर्षकपत्र गेलेले, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. म्हणजे संग्राहकांच्या बाजारात तिला कवडीचीही किंमत नव्हती. वजनावर ती मी घेतली. आतील कोऱ्या पानावर मोडीत एक नाव व त्याखाली ‘फसली 1326’ असे लिहिले होते. शेजारी सोलापूरच्या एका पुस्तकविक्रेत्याचा पुसट शिक्का होता, आणि मागील पानावर उर्दू अक्षरांत कोणा दुसऱ्या मालकाची सही. दोन ठिकाणी समासात बायकी वळणाच्या बाळबोध अक्षरात ‘खरे’ एवढाच शब्द होता. हे सर्व मी कौतुकाने पाहिले. पण उतरून घेतले नाही. पुस्तक चांगले दिसावे एवढ्याच हेतूने ते बांधावयास दिले. पंधरा दिवसांनी लाल कापडाची, सोनेरी अक्षरांची, तिन्ही बाजूंनी सफाईने कापलेली प्रत घरी आली. कोरी पाने बांधणाऱ्याने टाकून दिली होती, आणि समासातील तो ‘खरे’ कातरीत गेला होता. त्या कारागिराकडे दोष नाही. त्यास काय राखावयाचे हे मी सांगितले नव्हते, कारण ते मलाच कळले नव्हते.

गमावले ते काय, याचा विचार मागाहून सुचला. हैदराबादचा फसली सन इसवी सनाहून सुमारे 590 वर्षांनी मागे. तेव्हा 1326 म्हणजे 1916-17 चा सुमार. ती एक तारीख, तो एक शिक्का, दोन लिप्यांतील दोन सह्या आणि समासातील ते दोन अक्षरांचे शब्द यांतून एवढे कळत होते की, विधवेच्या दुःखाची ती कथा लातूरची गाडी सुरू झाल्यावर पाच-सहा वर्षांत सोलापुराहून निजामाच्या मुलुखात आली, मोडी लिहिणाऱ्याच्या घरून उर्दू लिहिणाऱ्याच्या हाती गेली, आणि मध्ये केव्हातरी, अक्षराच्या वळणावरून पाहता, एखाद्या स्त्रीने ती वाचून तिला आपली संमती दिली. हे सांगणारा दुसरा कागद नाही. आज माझ्यापाशी आहे ती केवळ कादंबरी. आणि ती तर कोणत्याही दुकानात मिळते.

दूरच्या गावातील वाचक काय वाचीत होते हे कळल्याने साहित्याचा इतिहास कसा पालटतो, याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडात आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यास छापविला. प्रती 500, किंमत नऊ आणे. पुढे तो जवळजवळ विस्मृतीत गेला, आणि 1975 साली डॉ. स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केल्यावर त्याचे मोल सर्वांस कळले. या निबंधात बाईंनी ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ व ‘मनोरमा’ नाटक यांचा समाचार घेतला आहे. ज्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांस आम्ही वर्गात ‘बाल्यावस्थेतील’ म्हणून दोन वाक्यांत निकालात काढतो, त्या बुलढाण्यासारख्या ठिकाणी एका स्त्रीने वाचल्या, आणि त्यांतील स्त्रियांच्या चित्रणाचा तिला राग आला! त्या रागाचे कारण समजावयाचे तर ती पुस्तके जवळ असावयास हवीत. आणि तिचा निबंध आपणांस मिळाला तोही 500 पैकी काही प्रत रद्दीत गेली नाही म्हणूनच. अशी आणखी किती मते समासांत लिहिली गेली असतील?

कोणी म्हणेल, आता जुने ग्रंथ संगणकावर घरबसल्या वाचावयास मिळतात, मग या जीर्ण कागदांचा सोस कशासाठी? मजकुरापुरते ते खरे आहे, आणि त्या सोयीचा मीही रोज लाभ घेतो. पण चित्र घेतले जाते ते एखाद्या मोठ्या ग्रंथालयातील एका प्रतीचे. त्या प्रतीवर त्या ग्रंथालयाचा इतिहास असतो. कळंबच्या किंवा परंड्याच्या वाचकाचा नव्हे.

याबाबतीत आमच्या जिल्ह्यातच एक धडा घेण्याजोगा आहे. तेर, म्हणजे रोमन व्यापाराच्या काळातील तगर, येथील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघणारी खापरे, मणी, मृण्मूर्ती वर्षानुवर्षे जमविली, आणि त्यांच्या संग्रहातून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्या वस्तूंत सुंदर आहेत तशा साध्याही आहेत. साध्या वस्तूंना मोल आले ते त्या तेरच्याच मातीतल्या आहेत हे ठाऊक असल्यामुळे. तेच खापर मुंबईच्या बाजारात गावाचे नाव गमावून आले असते तर त्यास कोणी विचारले नसते. पुस्तकाचेही असेच आहे. पण खापर मातीत दोन हजार वर्षे टिकते. कागदास तेवढी उसंत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत दगडमातीची जड माळवदाची घरे कोसळली. त्या हजारो मृत्यूंपुढे पुस्तकाचे नाव काढणे बरे दिसत नाही. तथापि गावे नव्या जागी वसली तेव्हा जुन्या फडताळांतील कागद त्यांच्याबरोबर गेले नाहीत, हेही इतिहासात नमूद व्हावे.

तेव्हा या छंदाच्या नव्या उपासकांस माझे सांगणे थोडके आहे. पहिल्या आवृत्तीच्या मागे खुशाल लागावे. पण शीर्षकपत्र नसलेली, नावे-शिक्क्यांनी भरलेली गावातील प्रत तुच्छ मानू नये. ती कोणत्या गावी, कोणत्या प्रकारच्या घरातून मिळाली ते त्याच दिवशी वहीत लिहावे. सह्या पुसू नयेत, कडा कापू नयेत, आणि बांधणी करावयाचीच झाल्यास कोरी पाने प्रथम मोजून द्यावी व परत मोजून घ्यावी. माझ्या कपाटात ती लाल कापडाची प्रत अजून आहे. पाहुणे तिच्या बांधणीची स्तुती करतात, आणि मी तेवढ्यापुरता विषय बदलतो.