कलम सहा आणि पोहरादेवी

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचं गाव, बंजारा समाजाची काशी. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून या समाजाने मुलूखच्या मुलूख जोडले, मोगल फौजांना रसदही पुरवली. तांड्यातलं भांडण नसाबीत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, सुटे. नायक आणि कारभारी बसत, दोन्ही बाजू सगळ्यांदेखत बोलत. नसाब निर्दोष नव्हती, बायकांना तिथं बहुधा बोलायला जागा नसे. पण आरोप काय आणि तो कोणी केला, हे आरोपीला ऐकायला मिळे. 1860च्या दशकात वऱ्हाडातून नागपूरपर्यंत रेल्वे गेली, लदेणीचा, म्हणजे बैलांवरून माल वाहण्याचा, धंदा बसला, आणि फिरस्ता माणूस सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला.

1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जे केलं, ते नसाबीलाही सुचलं नसतं. एखादी जमात गुन्हेगार असल्याचं सरकारने राजपत्रात छापलं की कोणत्याही न्यायालयाने त्यावर शंका घ्यायची नाही, असं त्याचं कलम 6 सांगत होतं. जमातीत जन्मलेल्यांची नावं नोंदवहीत चढत, त्यांना हजेरी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. 1911 साली कायदा देशभर लागू करण्याची सोय झाली. काही टोळ्या खरोखर दरोडे घालत, मग सरकारने काय करायचं होतं, असं विचारलं जातं. दरोडेखोराला शिक्षा द्यायला 1860ची दंडसंहिता होतीच. नवा कायदा हवा होता तो ज्याने काहीच केलं नाही त्याच्यासाठी, आणि म्हणूनच त्यात न्यायालयाचं दार बंद करावं लागलं.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या 14 विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आहेत. वसंतराव आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री याच समाजाचे, मग आता जुनं उगाळायचं कशाला, हा आक्षेप वजनदार वाटतो. पण मतांनी मिळालेली सत्ता म्हणजे कायद्याने केलेल्या अन्यायाची कबुली नव्हे. आणि पारध्यांसारख्या दुसऱ्या विमुक्त जमातीच्या पालावर तर सत्ताही पोहोचली नाही. 1959चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा कागदावर माणसाचा गुन्हा पाहतो, जात नाही. तरीही काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातीतल्या कुणालाही सराईत धरण्याची मुभा राहिलीच. सर्वोच्च न्यायालयाने ती 3 ऑक्टोबर 2024 रोजी घटनाबाह्य ठरवली आणि तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. दोनच दिवसांनी, 5 ऑक्टोबरला, पोहरादेवीत पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. मानाची ही वास्तू हवीच होती. पण कॅनडाच्या पंतप्रधानांनी 2008 साली आदिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल संसदेत उभं राहून माफी मागितली, तसा उच्चार इथंही संसदेतच व्हायला हवा, कारण 1952 नंतरचा संशय परक्यांनी नव्हे, आपल्याच खात्यांनी जपला. आणि त्या संग्रहालयात कलम 6चा मजकूर मराठीत आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, शाळेतल्या पोरांना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत असायला हवा.