कॉर्टिसोन : गुण आणि धोका

मंडळी, सांधेवाताचे दुखणे ज्याचे त्यालाच ठाऊक! अमेरिकेत रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये २९ वर्षांची एक बाई अशीच जखडून पडली होती. २१ सप्टेंबर १९४८ रोजी डॉ. फिलिप हेंच यांच्या सांगण्यावरून तिला एक नवे इंजेक्शन दिले गेले. आठवडाभरात ती बाजारात हिंडून आली!

कावीळ झाली की काहींचा सांधेवात ओसरतो, हे हेंच यांनी १९२९ साली पाहिले होते. तोच धागा धरून ते एडवर्ड केंडल यांच्या कॉर्टिसोनपर्यंत पोचले. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतला हा रस. १९५० साली त्या दोघांना, राइखस्टाइन यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

पण पुढे काय झाले? औषध थांबवले की दुखणे परत येई. फार दिवस घेतले तर चेहरा सुजे, रक्तातली साखर वाढे, हाडे ठिसूळ होत, जंतूंना वाट मोकळी मिळे. आणि बाहेरून रस मिळत राहिला की आपली ग्रंथी सुस्तावते. म्हणून गोळी एकाएकी बंद करणेही जिवावर बेतते.

तेव्हा गुरुजी, गावात एवढे जरूर सांगा : ही गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने सुरू करू नये, आणि स्वतःच्या मनाने सोडूही नये.