लीज फेरीचा ट्राउट आणि धरणाचे वेळापत्रक

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या उत्तर टोकाला ग्लेन कॅन्यन धरण आहे. तिथून लीज फेरीच्या धक्क्यापर्यंत कोलोरॅडो नदीचा पट्टा जेमतेम २५ किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे आणि मधून वाहणारे हिरवट, नितळ, बर्फासारखे गार पाणी. या पाण्यात रेनबो ट्राउट मिळतो आणि त्याच्यासाठी दूरदूरचे हौशी गळकरी इथे येतात. हा मासा मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांचा. वाळवंटातल्या या नदीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला इथे आणले माणसाने आणि जगवले धरणाने, त्यामुळे त्याच्या भरभराटीचा आणि हलाखीचा इतिहास धरणातून सुटणाऱ्या विसर्गाच्या नोंदवहीशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

धरणापूर्वी लीज फेरीची ओळख निराळी होती. शेकडो किलोमीटरच्या खोल दऱ्यांमध्ये गाडी-घोडे थेट पाण्यापर्यंत उतरू शकतील अशा जागा अगदी थोड्या, आणि ही त्यांपैकी एक. जॉन डी. ली याने १८७० च्या दशकाच्या आरंभी इथे तर सुरू केली आणि जागेला नाव मिळाले. जवळच नवाहो पूल उभा राहिला, १९२९ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला आणि तरीचा जमाना संपला. मात्र १९२२ च्या कोलोरॅडो पाणीवाटप कराराने नदीच्या वरच्या आणि खालच्या खोऱ्याची हद्द इथेच आखली होती, त्यामुळे होड्या गेल्या तरी पाणी मोजणारे राहिले. त्या काळी नदी वितळत्या बर्फाबरोबर वसंतात फुगे, पुढे ओसरे, आणि बाराही महिने गाळाने लाल असे. ‘कोलोरॅडो’ या स्पॅनिश नावाचा अर्थच तांबूस. हिवाळ्यात पाणी गोठणबिंदूजवळ जाई, उन्हाळ्यात २५ अंश सेल्सियसच्या वर. अशा गढूळ, लहरी पाण्यात टिकून होते ते पाठीवर कुबड असलेल्या हम्पबॅक चबसारखे बारीक डोळ्यांचे स्थानिक मासे. ट्राउटला हे पाणी सोसले नसते.

१३ मार्च १९६३ रोजी धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. ७१० फूट उंचीच्या या भिंतीमागे लेक पॉवेल हा जलाशय तयार झाला आणि वरून येणारा जवळजवळ सगळा गाळ तिथेच बसू लागला. विद्युतगृहाकडे जाणाऱ्या नळांची तोंडे जलाशयाच्या पूर्ण पातळीपासून सुमारे २३० फूट खाली आहेत. तिथे ऊन पोहोचत नाही. त्यामुळे जलाशय भरत गेला तसे भर उन्हाळ्यातही ८ ते १२ अंशांचे पाणी खाली सुटू लागले. पाणी नितळ झाल्यामुळे तळापर्यंत उजेड गेला आणि गोट्यांवर हिरव्या शेवाळाची लांब झुलपे वाढली. १९६४ पासून लीज फेरीला ट्राउटची पिल्ले सोडली जाऊ लागली. त्यांच्या खाण्याची तजवीज म्हणून १९६८ मध्ये गॅमारस नावाचे, आपल्याकडच्या जवळ्यासारखे दिसणारे बारीक कवचधारी जीव आणून सोडण्यात आले. ते शेवाळात वाढले, मासे त्यांच्यावर पोसले, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दहा पौंडांच्या वरचे ट्राउट गळाला लागू लागले. लीज फेरीचे नाव झाले ते त्या काही वर्षांत.

हे धरण चालवले जाई ते विजेच्या मागणीवर. फिनिक्ससारख्या शहरांत दुपारी वातानुकूलन यंत्रे सुरू झाली की टर्बाइनमधून जास्त पाणी सोडायचे आणि रात्री मागणी उतरली की कमी करायचे. १९९१ पर्यंत एका दिवसात विसर्ग तीन हजार क्युसेकच्याही खालून ३० हजारांपर्यंत जाऊ शके. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पावसाळ्यात कोयनेच्या विसर्गाचे आकडे वाचणाऱ्यांना ३० हजार क्युसेक नवा नाही, पण इथला चढउतार रोजचा होता, आणि तोही पाऊस नसताना. खालच्या कॅन्यनमध्ये काही ठिकाणी पाण्याची पातळी दिवसात १३ फुटांपर्यंत वरखाली होई. गुडघाभर पाण्यात उभा असलेला गळकरी काठाच्या एका दगडावर नजर ठेवून असे. दगड बुडाला की सामान उचलून मागे सरायचे.

माणूस मागे सरू शकतो, माशाच्या अंड्यांना ते जमत नाही. ट्राउटची मादी हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला उथळ पाण्यातली खडी शेपटीने उपसून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. खडीतून गार पाणी खेळत राहिले तर काही आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. दुपारच्या भरतीत केलेला खळगा रात्री उघडा पडला, की अंडी सुकत. ओहोटीच्या वेळी मोठे मासेही मागच्या डबक्यांत अडकून मरत. म्हणून पहिली अनेक वर्षे नदीतले बरेचसे ट्राउट बाहेरून सोडलेलेच असत.

१९८३ च्या उन्हाळ्यात बर्फ एकदम वितळले आणि जलाशय काठोकाठ भरला. सांडव्याच्या दरवाज्यांवर आधी प्लायवूडच्या आणि मग पोलादी फळ्या चढवून पाणी थोपवावे लागले. विसर्ग ९० हजार क्युसेकच्या वर गेला आणि सांडव्याच्या बोगद्यांत मोठाले खड्डे पडले. त्या वर्षाची आठवण धरणाच्या अभियंत्यांनी जास्त जपली आहे, गळकऱ्यांनी कमी.

खरा बदल झाला तो कागदावर. १९९१ मध्ये रोजच्या चढउतारावर तात्पुरती बंधने आली आणि १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने ग्रँड कॅन्यन संरक्षण कायदा केला. १९९६ च्या निर्णयाने दिवसा किमान आठ हजार आणि रात्री पाच हजार क्युसेक पाणी ठेवणे, एरवी २५ हजारांच्या वर न जाणे आणि पाणी उतरवताना तासाला दीड हजार क्युसेकहून अधिक घट न करणे असे नियम ठरले. खळगे ओले राहू लागले, पिल्ले जगू लागली आणि बाहेरून मासे सोडण्याची गरज संपली. पण खाणारी तोंडे वाढली, खाद्य मात्र तेवढेच राहिले. संख्या फुगली आणि मासा लहान झाला. दहा पौंडी ट्राउटची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ज्या शिस्तीची मागणी केली होती, तिनेच त्यांचे मासे खुजे केले.

१९९६ च्या मार्चअखेर गाळ हलवून वाळूचे किनारे पुन्हा घडवण्यासाठी सात दिवस ४५ हजार क्युसेकचा कृत्रिम पूर सोडण्यात आला. पुढे २००४ आणि २००८ मध्येही असे पूर झाले. २००८ चा पूर ट्राउटला विलक्षण मानवला. धुऊन निघालेल्या खडीत, वाढलेल्या कीटकांवर, पुरानंतर निघालेली पिल्ले नेहमीच्या कितीतरी पटीने जगली. त्यांतली बरीच खाली सरकली आणि जुना पेच पुन्हा उभा राहिला. लीज फेरीपासून सुमारे १०० किलोमीटर खाली, लिटल कोलोरॅडोच्या संगमाजवळ चबचा मुख्य आसरा आहे आणि ट्राउट चबची पिल्ले खातो. याआधीच, २००३ ते २००६ या काळात तिथून सुमारे १९ हजार रेनबो ट्राउट विजेचा झटका देऊन पकडून काढले होते. मूळनिवासी झुनी लोकांसाठी तो परिसर पवित्र आहे. तिथे एवढे जीव मारण्याला त्यांनी ठाम हरकत घेतली. एका टोकाला ज्या माशासाठी लोक दूरवरून येत, तोच दुसऱ्या टोकाला सरकारी खर्चाने काढला जात होता.

लहान माशांच्या कोड्याचे उत्तर मात्र माशीत सापडले. इथली मासेमारी मुख्यतः बनावट माशीने चालते. हुकावर काळा दोरा गुंडाळायचा, त्यावर चांदीच्या तारेचे वेढे द्यायचे, पुढे एक मणी ओवायचा, की चिलटाचा कोश तयार. एवढा छोटा ऐवज चालतो कारण या पाण्यात मोठे जलकीटक जवळजवळ नाहीतच. ते का नाहीत, हे शोधण्यासाठी २०१२ पासून तराफ्यांवरचे वाटाडे आणि प्रवासी रोज संध्याकाळी काठावर अल्कोहोलचे पसरट पात्र आणि दिवा ठेवत आणि तासाभराने पडलेले कीटक बाटलीत भरत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अनेक कीटक संध्याकाळी पाण्याच्या कडेला दगडांवर अंडी चिकटवतात आणि काही तासांत पाणी उतरले की ती वाळतात. धरणाची लाट खाली पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे ओहोटीची वेळ जागोजागी वेगळी असते. जिथे ओहोटी नेमकी तिन्हीसांजेला येते, तिथे चिलटे जास्त आढळली. मग २०१८ पासून तीन उन्हाळे, आणि पुन्हा २०२२ मध्ये, शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवण्याचा प्रयोग झाला. सुट्टीच्या दिवशी विजेची मागणी कमी असल्याने तो स्वस्तात पडला. त्या दोन दिवसांत खालच्या पातळीवर घातलेली अंडी सोमवारी पाणी चढले तरी ओलीच राहत. स्थिर पाण्यात गळकऱ्यांच्या हातीही जास्त मासे लागले.

तोवर जलाशयच आटू लागला होता. २०२२-२३ मध्ये लेक पॉवेल भरल्यानंतरच्या नीचांकावर गेला, नळांची तोंडे पृष्ठभागाच्या जवळ आली आणि उन्हाने तापलेले पाणी खाली सुटू लागले. ट्राउटची दमछाक झाली. त्याच पाण्याबरोबर जलाशयातला स्मॉलमाउथ बास टर्बाइनमधून उतरला आणि २०२२ मध्ये धरणाखाली त्याची पैदास आढळली. हा मासा चबला ट्राउटपेक्षाही घातक. त्याला रोखण्यासाठी जुलै २०२४ पासून विद्युतगृह टाळून, आणखी खोलवरच्या चार नळांतून गार पाणी सोडण्यात आले. एप्रिल २०२३ च्या कृत्रिम पुरानंतर याच नळांच्या आत झीज झाल्याचे दिसले होते, म्हणून ते जपून वापरावे लागले. त्या पाण्यातून एक युनिटही वीज मिळाली नाही. ते सोडले होते चबच्या नावाने, पण नळांच्या तोंडापासून लीज फेरीपर्यंतच्या २५ किलोमीटरमध्ये त्याचा गारवा पहिल्यांदा पोहोचला ट्राउटपर्यंत.