आवाजाची वाट : ब्रुसेल्स, १९५८

विजापूरच्या गोलघुमटात, वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजावे आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या आप्ताला ते स्वच्छ ऐकू यावे, हा अनुभव बेळगावकडील पुष्कळ कुटुंबांच्या आठवणींत असेल. हैदराबादकरांना गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजातली टाळी परिचयाची आहे. ती थेट वर बाला हिसारापर्यंत पोहोचते. वास्तू आवाजाला घडवते, हे त्या काळच्या कारागिरांना चांगले ठाऊक होते. मात्र या वास्तूंत आवाज आपल्या स्वभावानेच फिरतो. 'तू या कोपऱ्यातून नीघ, त्या कमानीवरून वळ आणि प्रेक्षकांच्या माथ्यावर जाऊन विर,' अशी आज्ञा त्याला कोणी करत नाही. अशी आज्ञा करण्याचा, आणि तीही चित्र, प्रकाश व वास्तू यांच्या संगतीत करण्याचा, एक विलक्षण प्रयत्न सन १९५८ मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात झाला. त्याची हकीकत येथे सांगायची आहे.

आपल्याकडे ज्या फिलिप्स कंपनीचे रेडिओ एके काळी दिवाणखान्यात भरतकामाच्या रुमालाखाली विराजमान असत, त्याच डच कंपनीला या प्रदर्शनात आपले दालन उभारायचे होते. कंपनीचे कलासंचालक लुई काल्फ यांचा विचार व्यापारी रिवाजाला सोडून होता. दालनात वस्तू मांडायच्याच नाहीत. कंपनीच्या दिव्यांनी आणि ध्वनिवर्धकांनी काय साधता येते, ते कलाकृतीतूनच दाखवायचे. १९५६ साली त्यांनी हे काम ल कोर्बुझिए या विख्यात वास्तुशिल्पीकडे दिले. कोर्बुझिए त्या सुमारास चंडीगडच्या उभारणीत आकंठ बुडालेला होता. त्याने चित्रमालिकेची कल्पना स्वतःकडे ठेवली आणि इमारतीचा आराखडा बहुतांशी आपल्या कार्यालयातील यानिस झेनाकिस या तरुण ग्रीक अभियंत्यावर सोपवला. संगीतासाठी त्याने एकच नाव धरले : एद्गार व्हारेझ.

व्हारेझ १८८३ साली पॅरिसला जन्मला आणि १९१५ च्या अखेरीस न्यूयॉर्कला गेला. भोंगे आणि तालवाद्ये यांचा ताफा रंगमंचावर आणून त्याने १९३३ साली 'आयोनिझेशन' ऐकवले, तेव्हा ते संगीत की गोंगाट, असा वाद माजला. त्याची खरी तहान निराळीच होती. वाद्यांच्या पलीकडचे, अवकाशात वस्तूसारखे हलणारे ध्वनी त्याच्या मनात होते आणि ते काढणारे यंत्र जगात नव्हते. अमेरिकेतील प्रयोगशाळांकडे व प्रतिष्ठानांकडे त्याने अर्ज केले. ते फेटाळले गेले. तिशीच्या दशकाच्या मध्यानंतर सुमारे पंधरा वर्षे त्याच्या हातून फारसे काही पुरे झाले नाही. १९५३ मध्ये एक ध्वनिमुद्रण यंत्र त्याला भेट म्हणून मिळाले, तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये 'देझेर' या त्याच्या रचनेत वाद्यवृंदाच्या मधेमधे ध्वनिफितीवरचे आवाज आले आणि सभागृहात शिट्ट्या व आरडाओरडा झाला.

अशा माणसाला १९५७ च्या शरदात आइंडहोवन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत बोलावले गेले. साहाय्याला तंत्रज्ञ होते. घंटा, यंत्रांचा घरघराट, भोंगे, ढोल, मानवी कंठ आणि निव्वळ विद्युत्‌ने निर्माण केलेले स्वर त्याने फितीवर कापून, जोडून, उलटे-सुलटे करून बसवले. प्राथमिक भाग ऐकून कंपनीतील वरिष्ठ अस्वस्थ झाले. हे लोकांना आवडणार नाही, दुसरा कोणी सुबोध संगीतकार पाहावा, असा सूर निघाला. कोर्बुझिएने मात्र ठणकावले की व्हारेझ नसेल, तर मीही नाही. कोर्बुझिएच्या हेकेखोरपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या एका प्रसंगी तो हेका सत्कारणी लागला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आता दालनाची रचना पाहू. झेनाकिसने काँक्रीटच्या पिळदार, वक्र पृष्ठभागांचे, आभाळात टोके काढलेल्या तंबूसारखे घर रचले. सरळ रेषा तिरप्या सरकवत नेल्या की वक्र पृष्ठ तयार होते, ही त्यामागची भूमिती. आणि हीच कल्पना त्याने आधी 'मेटास्टासिस' या आपल्या वाद्यवृंद-रचनेत, स्वरांच्या लांबच लांब मिंडींसाठी वापरली होती. भिंतींची जाडी जेमतेम ५ सेंटिमीटर. आतील जमिनीचा आकार जठरासारखा : एका बाजूने सुमारे पाचशे माणसे आत घ्यायची, आठ मिनिटे 'पचवायची' आणि दुसऱ्या बाजूने बाहेर सोडायची. लोक आत शिरत असताना झेनाकिसचीच एक छोटी रचना ऐकू येई. जळत्या कोळशाच्या तडतडीतून ती घडवली होती.

ध्वनिवर्धक साडेतीनशेच्या आसपास होते आणि ते वक्र भिंतींवर ओळींनी बसवलेले होते. या ओळींना 'ध्वनिमार्ग' म्हणत. संगीत तीन पट्ट्यांच्या फितीवर होते. तिच्या जोडीला पंधरा पट्ट्यांची दुसरी फीत धावत असे. तिच्यावर संगीत नव्हते, केवळ संकेत होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसले रिले त्या संकेतांनी उघडत-मिटत, आणि आवाज एका ध्वनिवर्धकाकडून शेजारच्याकडे सोपवला जाई. दीपमाळेवरचे दिवे एकापाठोपाठ एक उजळावेत आणि मागचे मालवत जावेत, तसा एखादा स्वर दाराशी उमटून भिंतीवरून चढे आणि शिखराशी जाऊन नाहीसा होई. दिवे, रंग आणि पडद्यावरील चित्रे यांचेही नियंत्रण याच यंत्रणेकडे होते.

भिंतींवर उमटणारी चित्रे कृष्णधवल होती : आदिम मुखवटे, अणुस्फोटाचा ढग, चॅप्लिन, आयफेल मनोरा, लहान मुले, शेवटी कोर्बुझिएच्या स्वतःच्या इमारती. गंमत अशी की चित्रकार आणि संगीतकार यांच्यात ठरले होते ते केवळ कालमान, ४८० सेकंद. कोणत्या चित्रावर कोणता ध्वनी यावा, याची जुळणी त्यांनी केलीच नाही. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला सरावलेल्या आपल्या कानांना हे अपुरे वाटेल. परंतु जुळणी केली असती, तर आवाज चित्राचा हुजऱ्या झाला असता. येथे चित्र आपल्या जागी होते, आवाज आपल्या वाटेने चालत होता, आणि दोहोंची गाठ पडायची ती पाहणाऱ्याच्या मनात. काहींना ते भयावह वाटले, काही हसले, काही पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.

श्रेयाचा प्रश्नही उद्भवला. दालनाचे जनकत्व आरंभी एकट्या कोर्बुझिएच्या नावे सांगितले गेले. झेनाकिसने हक्क मागितला, तेव्हा त्याचे नाव जोडले गेले. १९५९ मध्ये तो त्या कार्यालयातून बाहेर पडला आणि पुढे ध्वनी-प्रकाशाचे स्वतंत्र प्रयोग करत राहिला. १९७१ मध्ये इराणात पर्सेपोलिसच्या भग्नावशेषांतही. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात जर्मनीने गोलाकार सभागृह बांधले. तेथे गायक-वादक समक्ष असत आणि श्टॉकहाउझेन नियंत्रणाच्या मेजाशी बसून आवाज श्रोत्यांभोवती फिरवी. ब्रुसेल्सला जे काम रिले करीत, ते तेथे माणसाच्या हाताकडे आले होते.

ब्रुसेल्सचे दालन मात्र जानेवारी १९५९ मध्ये पाडून टाकण्यात आले. ते तात्पुरतेच बांधलेले होते. व्हारेझ न्यूयॉर्कला परतला आणि १९६५ साली वारला. त्याची ती रचना आज तबकडीवर मिळते. घरातल्या दोन पेट्यांतून ती आठ मिनिटांत ऐकून होते. आरंभीची घंटा त्यात स्पष्ट वाजते. ती भिंतीवरच्या कोणत्या वाटेने येत असे आणि कोठे जाऊन थांबत असे, ते त्या दोन पेट्यांना सांगता येत नाही.