सातपुड्यातला वणवा आणि लांबून आलेले साहेब



होळीच्या पुढं-मागं रावेर, यावल, चोपडा, शिरपूर पट्ट्यातल्या कोणत्याही गावातून रात्री उत्तरेकडं पाहिलं, की डोंगराच्या अंगावर लाल दोरी सरकताना दिसते. सकाळी ओट्यावर तोच जुना वाद. लावली कोणी? कोणी म्हणतो पाड्यावरच्यांनी, कोणी म्हणतो गुराख्यानं बिडी टाकली, कोणी थेट जंगल खात्यावर घसरतो. या वादाची मुळं फार जुनी आहेत. परमुलखातून येऊन या जळणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी बिऱ्हाड केलेल्या लोकांपर्यंत ती जातात. म्हणून आज पिकाचं न लिहिता त्यांच्याविषयी लिहितो. केळीवाल्यांनी रागावू नये, शेवटी बांधावर येतोच आहे.

इंग्रजांनी १८१८ साली खान्देश घेतला तेव्हा हा मुलूख निम्मा ओसाड होता. होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा दुष्काळ, एकावर एक. गावंच्या गावं उठली. आता आपण शेतकरी माणसं, आपल्याला कागद उघडायची गरज नाही. काळं वावर पंधरा वर्षं पडीक टाकलं तर काय होतं? आधी कुसळी, मग बोर-बाभूळ, मग पळस. माघ संपला की त्या सगळ्याचा कोरडा पेंढा. तापीकाठची जी जमीन आज आपण गुंठ्यावर मोजून विकतो, ती तेव्हा वाघांचं रान होती. म्हणजे जळायचा धोका एकट्या सातपुड्याला नव्हता. तो खाली सपाटीपर्यंत उतरला होता, कारण मधे नांगर चालवणारा माणूसच उरला नव्हता.

कॅप्टन ब्रिग्ज या मुलखाचा पहिला इंग्रज कारभारी. त्यानं १८१९ मध्ये धुळं हे ठाणं केलं आणि बाहेरचे कारागीर-व्यापारी आणून पेठ वसवली. त्याच्यामागून १८२५ मध्ये बावीस वर्षांचा जेम्स औट्राम आला. गाव डर्बीशायर, म्हणजे पाऊस आणि धुकं. त्यानं धरणगावी भिल्लांची पलटण उभी केली आणि पुढची दहा वर्षं इथंच काढली. या पलटणीवर साहेबांनी मोठी स्तुती लिहून ठेवली आहे. १८९१ ला ती पोलिसांत विलीन झाली. पण शेतकरी म्हणून मला त्याहून मोठं काम दिसतं ते चाळीसगावच्या वरच्या अंगाला, कन्नडला बसलेल्या ओव्हान्स नावाच्या साहेबाचं. डोंगरातल्या माणसांना पडीक जमीन द्यायची, बैल आणि बियाण्याला तगाई द्यायची आणि वसवायचं, असं ते काम. त्यात भिल्लांना कह्यात ठेवायचा हेतू होताच, तो झाकायचं कारण नाही. पण रान मोडून वावर झालं, तिथं आगीची वाट तुटली. सपाटीवरचा वणवा इथं कायद्यानं कमी झाला नाही, नांगरानं झाला.

साहेबांच्या उन्हाळ्याचं एक विचित्र अंग होतं. औट्राम नामांकित शिकारी. दहा वर्षांत त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी दीडशेच्या वर वाघ मारले. आता वाघाची शिकार व्हायची चैत्र-वैशाखात, कारण पाणवठे आटलेले असतात आणि गवत जळून गेल्यानं लांबचं दिसतं. म्हणजे बंदूक हातात असताना साहेबाला वणवा सोयीचा होता. त्याच साहेबाच्या हाती पुढं जंगलाची वही आली, तेव्हा तोच वणवा नासधूस ठरला. आणखी गंमत सांगतो. त्यांच्या डर्बीशायरकडच्या माळरानावर ग्राऊस पक्ष्याच्या शिकारीसाठी झुडपं पट्ट्या-पट्ट्यानं, पाळीपाळीनं जाळायची रीत आहे. तिकडं तिला व्यवस्थापन म्हणतात.

जंगलाची वही आली १८६४ मध्ये. हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला मुख्य अधिकारी इंग्रजही नव्हता. तो बॉनचा जर्मन, डिट्रिश ब्रँडिस. त्याच्यानंतरचे दोघेही, श्लिख आणि रिबेनट्रॉप, जर्मनच. तिकडच्या ओलसर जंगलात आग हा अपघात असतो. आपल्याकडं आग हा ऋतू आहे. त्याच सुमाराला आपल्याच सातपुड्याच्या पूर्वेकडं, बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन यानं वणवा रोखायचा पहिला नेटका प्रयोग केला. जंगलाभोवती पट्टे साफ करायचे, गवत अर्धओलं असतानाच ते पट्टे मुद्दाम जाळून घ्यायचे आणि उन्हाळाभर राखण ठेवायची. हीच आपली जाळरेषा. तोवर बरेच अधिकारीच म्हणत होते की एवढं जंगल आगीपासून राखणं शक्य नाही. बोरीत जमलं. पण ते आसपासच्या गोंड-कोरकू गावांना सोबत घेतल्यामुळं जमलं. ही गोष्ट पुढं खाली ठेवायला हवी होती तिथं वर ठेवली गेली नाही, आणि जाळरेषेचं तंत्र तेवढं सगळीकडं गेलं.

मग १८७८ चा वन कायदा. राखीव जंगलात आग लावणं गुन्हा. हे ठीकच. पण आज चालू असलेल्या १९२७ च्या कायद्यातलं कलम २६ पूर्ण वाचा. त्याचं तिसरं पोटकलम म्हणतं की राखीव जंगलात कोणी मुद्दाम किंवा घोर हलगर्जीनं आग लावली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद ठेवू शकतं. कलम ७९ म्हणतं की जंगलात हक्क असणाऱ्यानं आगीची खबर द्यायची आणि विझवायला मदत करायची. आता दोन्ही एकत्र ठेवून बघा, भाऊ. पाड्यावरच्या माणसाला दुपारी नाल्यापलीकडं धूर दिसला. खबर दिली तर पहिला प्रश्न, तू तिथं काय करत होतास? आणि आग गावच्याच कोणाकडून लागली असं ठरलं, तर गुरांची चराई जाण्याची भीती. तो काय करेल? घरात जाऊन बसेल. ज्याला वारा, उतार, नाला, गवत सगळं पाठ, तोच माणूस गप्प झाला. माझ्या मते दीडशे वर्षांतलं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे, जळालेल्या सागापेक्षा मोठं.

डोंगरातली आग एका जातीची नसते, हे साहेबांच्या कायद्यात बसत नव्हतं. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्यावरून ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. आपल्याकडचं कारण वेगळं. मोहाची फुलं मार्च-एप्रिलात गळतात, ती वेचायला झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करतात. टेंभुर्णीला कोवळी पानं फुटावीत म्हणून जाळतात. गुरांना हिरवा कोंब मिळावा म्हणून कुसळी जाळतात. पायवाट आणि सापकिरडू यासाठीही. जुनी माणसं झाडाखालचा पाला आधी गोल झाडून घ्यायची, सकाळच्या दवात पेटवायची आणि विझेपर्यंत हलायची नाहीत. चोरून करायची वेळ आली की माणूस काडी टाकतो आणि पळतो. तीच आग दुपारच्या वाऱ्यात चढाला लागली, की मग तिला कोणाचा बाप आवरत नाही.

म्हणून मी आगीची बाजू घेतोय असं समजू नका. गवताच्या आगीची धग जमिनीत दोन-चार बोटंच जाते हे खरं, पण पाल्यातला नत्र आणि कर्ब उडून जातो. राखेत पालाश आणि चुना उरतो, तोही पहिल्या वळवानं नाल्यात. उघड्या उतारावरचं पाणी मुरत नाही, पळतं. आपल्या पायथ्याच्या विहिरींना डोंगरात मुरलेलंच पाणी येतं, तेव्हा वर जळालं की खाली केळीचं गणित बिघडतं. अंजनाचं, सागाचं मोठं झाड तग धरतं, गुडघाभर रोप मरतं. वरवर जंगल उभं दिसतं, पण त्यात पोरं नाहीत, नुसते म्हातारे, असं ते रान होतं.

उलट बाजूही साहेबांपैकीच एकानं मांडली. स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्यानं १८९६ मध्ये लिहिलं की ब्रह्मदेशात आगीपासून राखण अती झाली आहे. तिथल्या ओल्या सागवनात आग बंद केल्यावर बांबू-झुडपं दाटली आणि सागाचं रोप उजेडाविना मरू लागलं. बराच वाद झाला आणि पुढं तिथली सक्तीची राखण बऱ्याच ठिकाणी सोडून दिली. हा दाखला आपल्याकडं काही जण देतात, पण सांभाळून. ते ओलं जंगल होतं, आपलं कोरडं आहे. एवढं मात्र घ्यावं की 'आग वाईट की चांगली' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या महिन्यात, कशात, किती वर्षांनी, हे विचारायला हवं.

परदेशी पाहुण्यांत एक झुडूपही होतं. घाणेरी, कोणी टणटणी म्हणतं. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती बागेत शोभेसाठी आणलेली. साहेब गेले, ती राहिली. गवताची आग जमिनीसरसी जाते. घाणेरीची जाळी मधे आली की तीच आग शिडी लावल्यासारखी झाडाच्या फांदीला पोचते. जळाल्यावर बुडातून पहिली फुटतेही तीच. माझ्या बांधापलीकडच्या नाल्यात ती आहे, कुदळीनं मूळ काढल्याशिवाय जात नाही. नुसतं छाटून फायदा नाही, उलट वाळलेलं जळण वाढतं.

आता जरा लांब जाऊ. पोर्तुगालच्या मध्यभागी डोंगरी खेडी आहेत. तिथली पोरं शहरात आणि परदेशात गेली, शेळ्या गेल्या, वावरं झुडपांनी भरली, भोवती पाइन आणि निलगिरी. स्वस्तात दगडी घरं मिळतात म्हणून इंग्लंड, हॉलंड, जर्मनीची माणसं तिथं राहायला आली. जून २०१७ मध्ये पेद्रोगाओ ग्रांदे भागात वणवा लागला आणि ६६ माणसं मेली, त्यातली बरीचशी रस्त्यावर गाड्यांतून पळताना. तिथं रानातल्या घराभोवती ५० मीटर साफ ठेवायचा कायदा आहे. पण नवा रहिवासी कायदा वाचतो, वारा वाचता यायला त्याला वेळ लागतो. ही बातमी वाचली तेव्हा मला १८१८ चा खान्देश आठवला. माणसं उठलेली, वावरं झुडपात, आणि लांबचे नवे लोक येऊन बसलेले.

बाहेरचा कोण, यावर फार जोर देऊ नये. आपणही पायथ्याला तीन-चार पिढ्यांचेच. पावरा समाजातही पावागडाकडून आल्याच्या गोष्टी सांगतात. फरक इतकाच की साहेबाची दोन-तीन वर्षांत बदली व्हायची. एका टेकडीवर आग फिरून केव्हा येते, मधल्या वर्षात काय उगवतं, हे कळायला एका जागी दहा-पंधरा उन्हाळे काढावे लागतात.

आता बांधावर येतो. हल्ली उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर संदेश येतो. नोंदणी कोणालाही करता येते, आपल्या पायथ्याच्या प्रत्येक गावातल्या दोन-तीन पोरांनी करावीच. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिला आहे, तो कागदावर पडून आहे अशी गावं बरीच. स्वतःपुरतं म्हणाल तर जंगलाकडच्या बांधाला पऱ्हाटीचे आणि मक्याच्या कडब्याचे ढीग लावू नका. त्या बाजूला दोन ट्रॅक्टर जातील इतका पट्टा पिकं निघताच नांगरून ठेवा. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवायच्या तर विहिरीकडं, डोंगराकडं नको. वितळलेल्या नळीचं कोणी पैसे देत नाही. आमच्या शेजाऱ्यानं दोन ऑफिसं फिरून पाहिली.

राहिली जाळरेषा. खात्याच्या हिशेबानं आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणजे रेषा त्याच्या आधी, गवत अर्धओलं असताना जाळून व्हायला हवी. त्या कामाला पन्नास जाणती माणसं लागतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत वरचे पाडे ओस असतात, म्हातारी माणसं आणि शेळ्या तेवढ्या मागं. बाकी सगळे बिऱ्हाडासकट गुजरातेत ऊसतोडीला. ते परततात भोंगऱ्याच्या बाजाराला, होळीला, काही तर आखाजीलाच. तोवर दोरी डोंगरावर चढलेली असते. यंदा आम्ही चार गावांनी ग्रामसभेत मागणी लावली आहे, की जाळरेषेची मजुरी दिवाळीनंतर लगेच काढा आणि ती तोडीच्या उचलीइतकी नाही तरी तिच्या जवळ जाईल अशी द्या. उत्तर आलं की इथं लिहितो.