वरच्या थरावरचं पोर आणि कागदावरचं वय



भातलावणी उरकली, श्रावण लागला की आपल्या रत्नागिरीच्या घराघरांत मुंबईचा फोन वाजतो. "आई, यंदा अष्टमीला घरी येत नाही गं, हंडीचा सराव चाललाय." आपण म्हणतो, "जपून रे बाबा." आणि फोन ठेवला की मनात येतं, कितव्या थरावर चढणार हा? आणि त्याच्याही वर कोणाचं पोर चढणार?

आज त्याच वरच्या पोराविषयी बोलायचंय. त्याचं वय किती असावं, हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं आणि त्यासाठी कोर्टाची पायरी का चढावी लागली, त्याची ही गोष्ट.

आपल्या गावच्या गोविंद्याला वयाचा नियम नव्हता. माझ्या लहानपणी गोपाळकाल्याच्या दिवशी ढोल वाजत वाजत गोविंदा वाडीत यायचा. बाया अंगणात घागरी भरून उभ्या असायच्या, पाणी ओतायच्या. हंडी बांधलेली असायची दोन पुरुष उंचीवर. खाली चार बाप्ये, त्यांच्या खांद्यावर दोघे आणि वर कुणाचं तरी शेंबडं पोर. पडलं तर चिखलात पडायचं आणि हसत उठायचं. शिमग्यातही तसंच. पालखीपुढे ढोल वाजवणाऱ्यांत दहा वर्षांचा नातू असतो आणि सत्तरीचा आजाही असतो. तिथं कोण कोणाला जन्मतारीख विचारणार? बक्षीसच नाही, तर नियम कशाला?

नियमाची गरज पडली ती बक्षीस आल्यावर.

आपली माणसं गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेली. लालबाग-परळच्या चाळींत राहिली. सोबत गणपती नेला, भजन नेलं, गोविंदाही नेला. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण चौकाचौकांत हंड्या वाढल्या. पुढाऱ्यांनी हंड्या बांधल्या, लाखांची बक्षिसं लावली. जितके थर जास्त, तितकं बक्षीस मोठं. पाचाचे सहा झाले, सहाचे आठ झाले. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं ठाण्यात नऊ थर लावले. उंची भरली १३.३४ मीटर, म्हणजे जवळजवळ ४४ फूट. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. चार मजली इमारतीच्या गच्चीइतकी ही उंची, नुसत्या माणसांच्या खांद्यांवर उभी केलेली.

आता यातला हिशेब बघा. वरचं सगळं वजन खालच्यांच्या खांद्यावर येतं. सर्वांत वर साठ किलोचा बाप्या चढवला तर खालचे सगळे थर लटपटतात. पंचवीस किलोचं पोर चढवलं तर थर टिकतो. म्हणून वर लहान पोर हवं. ते जितकं हलकं, तितकी जिंकायची आशा मोठी. आणि पोर जितकं लहान, तितकी त्याला धोक्याची समज कमी. लोभ आणि धोका इथं एकाच खांद्यावर बसलेत.

हे कोर्टापुढे नेलं एका बाईनं. नवी मुंबईच्या सामाजिक कार्यकर्त्या स्वाती पाटील यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये, हंडीच्या तोंडावर, सानपाड्यात सराव करताना १४ वर्षांचा एक मुलगा पडून गेला. त्याच महिन्यात, ११ ऑगस्टला, उच्च न्यायालयानं सांगितलं की १८ वर्षांखालचं कोणीही थरात चढणार नाही आणि हंडी २० फुटांपेक्षा उंच बांधायची नाही. मंडळं सर्वोच्च न्यायालयात गेली. तीनच दिवसांत, १४ ऑगस्टला, तिथं या आदेशाला स्थगिती मिळाली. मात्र १२ वर्षांखालच्या मुलांना चढवायचं नाही, हे त्या वर्षी कायम राहिलं.

पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा १८ वर्षं आणि २० फूट हीच अट ठेवली. त्या वर्षी काही ठिकाणी ती मोडली गेली आणि पोलिसांनी गुन्हे नोंदवले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्रकरण परत उच्च न्यायालयात आलं. बालकामगारांच्या कायद्यात १४ वर्षांखालच्याला बालक धरलंय. त्याला धरून सरकारनं सांगितलं की १४ वर्षांखालच्या मुलांना आम्ही चढू देणार नाही. न्यायालयानं ते मान्य केलं आणि उंचीची मर्यादा ठरवायचं सरकारवर सोडलं.

म्हणजे बघा, तीन वर्षांत बारा, अठरा आणि चौदा असे तीन आकडे फिरले. पोराचं हाड काही तीन वर्षांत बदललं नाही. प्रत्येक आकड्यामागं कोणाचं तरी म्हणणं होतं. एक बाजू म्हणे, परंपरा मोडू नका. दुसरी म्हणे, पोरं मोडू नका. आज आपण धरायचा आकडा १४ आहे. मुलींच्या पथकांनाही तोच.

आता जरा दूरच्या देशात जाऊ. अमेरिकेत ढोल आणि पितळी वाद्यांच्या पथकांच्या मोठ्या स्पर्धा होतात. शंभराहून जास्त पोरं एका तालात वाजवत मैदानावर चालतात. आपल्या पुण्याच्या ढोल-ताशा पथकांची आठवण यावी असा थाट. त्या स्पर्धेत वयाची अट उलटी आहे. २१ वर्षांपर्यंतचीच मुलं चालतात, त्यापुढची नाहीत. कारण मोठ्याचा हात जास्त सरावलेला असतो, मग लहानांवर अन्याय होतो. १९७५ साली न्यू जर्सी राज्यातलं मुचाचोज नावाचं पथक फार जोरात होतं. पहिला नंबर हेच मारणार असं बोललं जात होतं. पण पथकात वय उलटलेला एक जण वाजवत होता. ते उघडकीला आलं आणि अंतिम फेरीच्या आधी सगळं पथक बाद झालं. एकाच्या वयापायी बाकी सगळ्या पोरांची वर्षभराची मेहनत पाण्यात गेली.

मला ही गोष्ट वाचल्यावर त्या पोरांचं वाईट वाटलं. पण मग विचार आला, बाद झाली तरी ती पोरं आपल्या पायांनी घरी गेली. वय लपवून तिथं गेला तो चषक. आपल्याकडे वय लपवलं तर पोर जातं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला सराव करताना अकरा वर्षांचा मुलगा पडून गेला. नियम होऊन आठ वर्षं झाली होती. कोणीतरी त्याला वर चढवलं तेव्हाच नियम मोडला होता, पण तो मोडल्याचं सगळ्यांना कळलं ते पोर पडल्यावर.

स्पेन देशात कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. तिथंही आपल्यासारखे माणसांचे मनोरे रचतात आणि वर लहान पोरंच चढतात. २००६ साली तिथं मनोऱ्यावरून पडून एक मुलगी गेली. त्यानंतर तिथल्या वरच्या थरातल्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. त्यांनी परंपरा सोडली नाही. २०१० मध्ये युनेस्कोनं त्या मनोऱ्यांना वारसा म्हणून मान दिला, तोही हेल्मेटसकट. तेव्हा 'सुरक्षा आली की सण गेला' असं कोणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगा.

आता कागदाकडे येऊ. वयाचा नियम कागदावर चालतो आणि आपला कागद कसा असतो हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? तुमच्यातल्या किती जणींची जन्मतारीख १ जून आहे? माझ्या ओळखीत तर घरटी एक निघेल. पूर्वी जन्माची नोंद नसायची. आई सांगायची, "मोठ्या पावसाच्या साली झाली, शिमग्याच्या आधी." शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मग गुरुजी पोराकडे बघून १ जून टाकायचे आणि सहा वर्षं भरतील असं साल टाकायचे. गंमत अशी की त्या अमेरिकेतल्या पथकांतही वयाचा हिशेब १ जूनलाच करतात!

गुरुजींनी ते शाळेत नाव घालायला केलं, त्यात कपट नव्हतं. पण वय सोयीनं लिहायची सवय आपल्याला तिथून लागली. खेळात नंबर यावा म्हणून वय कमी लिहायचं. म्हणून तर क्रिकेटच्या मंडळाला १६ वर्षांखालच्या मुलांच्या आणि १५ वर्षांखालच्या मुलींच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघावं लागतं. आणि काम निघावं म्हणून वय वाढवूनही सांगायचं. मैत्रिणींनो, वाढवून सांगितलेलं वय बायकांइतकं कोणी सोसलंय? १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवलं, तेव्हा बारा वर्षांच्या पोरी चौदाच्या झाल्या. १९४९ ला ते १५ झालं, १९७८ ला १८ झालं आणि पोरी कागदावर तशा मोठ्या होत गेल्या. मंडपात सगळे म्हणायचे, "भरली हो अठरा, अंगानं बारीक आहे इतकंच." हंडीखाली उभे असलेलेही हेच म्हणतात, "चौदाचा आहे हो, अंगानं बारीक आहे."

ते वाक्य ऐकलं की सावध व्हा. ते आपल्या ओळखीचं आहे.

मग आपल्या गटानं काय करावं? फार मोठं काही नाही.

पहिलं, जन्माचा दाखला. मूल झाल्यापासून २१ दिवसांत नोंद करायची. १९६९ च्या कायद्यानं ती करावीच लागते. दवाखान्यात झालं तर दवाखाना कळवतो, घरी झालं तर आपण ग्रामपंचायतीत जायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालायला, पुढे लायसनला, मतदार यादीला हाच दाखला वयाचा पुरावा आहे. आधारवरच्या तारखेवर विसंबू नका. आधार हे ओळखीचं कार्ड आहे. वय ठरवायला ते पुरेसं नाही, शाळा सोडल्याचा दाखला धरावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलंय.

दुसरं, आपल्या वाडीत, शहरात किंवा मुंबईत आपलं पोर पथकात जात असेल तर आईनं चार प्रश्न विचारायचे. वय बघितलं का? हेल्मेट आणि कमरेचा पट्टा आहे का? खाली गादी किंवा जाळी आहे का? विम्याच्या यादीत नाव आहे का? २०२२ साली सरकारनं हंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, गोविंदाचा मृत्यू झाल्यास घरच्यांना १० लाख रुपये देण्याचंही जाहीर केलं. पण नियमापेक्षा लहान पोराचं नाव यादीत घालणार तरी कसं? ते पोर पथकात असतं, पण कागदावर कुठंच नसतं. आणि हे प्रश्न फक्त हंडीच्या दिवशी नाही, सराव सुरू व्हायच्या आधी विचारायचे. सानपाडा आणि दहिसर, दोन्हीकडची पोरं सरावातच गेली.

तिसरं, गावच्या मंडळाला सांगायचं की आमच्या हंडीला थरांवर बक्षीस लावू नका. वाजवण्यावर लावा, नाचण्यावर लावा, गाण्यावर लावा. हंडी खाली बांधा, म्हणजे लहानगंही बापाच्या खांद्यावरून फोडेल.

माझा धाकटा भाऊ सातव्या वर्षी असाच आमच्या बाबांच्या खांद्यावर चढला होता. हंडी हाताला लागेना, म्हणून बाबांनी टाचा उंच केल्या. दही दोघांच्या अंगावर सांडलं. तेव्हा त्याचं वय कोणी विचारलं नाही, कारण त्याचे दोन्ही पाय बाबांनी घट्ट धरले होते.

यंदा अष्टमीला मुंबईचा फोन आला की "जपून रे" एवढंच म्हणून ठेवू नका. विचारा, "तुमच्यात वर कोण चढतं? त्याचं वय किती? आणि त्याच्या आईला माहीत आहे का?"